इंजिन सोडून बाकी सगळं

"गाडीला हात कोणी लावला?" विक्रमने तिसऱ्यांदा विचारलं.

सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या केबिनमध्ये तिघं त्याच्यासमोर बसली होती. पद्मजाबाई, निवृत्त गणित शिक्षिका. गाडी त्यांच्या नावावर. मुलगा पुष्कर, तीच गाडी रोज हिंजवडीला नेणारा. आणि सून तनया, काठी खुर्चीला टेकवून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. गाडी जेमतेम दोन महिन्यांची. तक्रार पुष्करची होती: बायपासला लागलं की गाडी दम सोडते, टेम्पोवालेसुद्धा पुढे निघून जातात.

"मी नाही," पुष्कर म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो. मी केलं असतं तर स्वतःच कंप्लेंट घेऊन इथे आलो असतो का?"

विक्रम बारा वर्षं मॅनेजर होता आणि ही शपथ त्याने आठवड्यातून एकदा तरी ऐकली होती. पोरं नवी गाडी घेतात. महिन्याभरात इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला कंपनीचा प्रोग्राम काढून बाहेरचा टाकतात, जास्त पिकअप मिळावा म्हणून. तो भार इंजिनाला सोसत नाही, गाडी कुरकुर करायला लागते, आणि मग हेच इथे येऊन कंपनीच्या नावाने खडे फोडतात. सोबत आईला आणतात. आई मध्ये पडते. ठरलेलं असतं सगळं.

"आतला प्रोग्राम कंपनीचा नाही, एवढं आमच्या टेक्निशियनने बघितलंय," तो म्हणाला. "म्हणजे ट्यूनिंग झालंय. मग वॉरंटी रद्द होते, मॅडम. पाच वर्षांची वॉरंटी आहे. उद्या इंजिन बसलं तर सगळा खर्च तुमच्या अंगावर."

"ट्यूनिंग मीच करून घेतलंय," पद्मजाबाई म्हणाल्या.

पुष्करने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तनयाने डोकं वर केलं नाही.

आई मध्ये पडली होती. विक्रमने हसू दाबलं. "तुम्ही?"

"का, वयाची अट आहे?"

"नाही, तसं नाही. कुठे केलंत?"

"वारज्यात. विश्वजीतच्या गॅरेजमध्ये."

हे नाव विक्रमला चांगलं माहीत होतं. कॉलेजची पोरं त्याच्याकडे रांगा लावत. "तिथे रेस लावायला गाड्या बनवून घेतात, मॅडम."

"असतील. नववीत माझ्या वर्गात होता. अपूर्णांक म्हटलं की रडायचा. आता बरा जमतो हिशेब."

"आई, बास," पुष्कर म्हणाला. "मला वाचवायला बघू नकोस. मी काही केलेलंच नाहीये."

"तू गप्प बस."

विक्रमला बाईंची दया आली. मास्तरीण बाई, आयुष्यभर खरं बोललेली, आणि या वयात पोरासाठी ही वेळ. त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, मी अजून सिस्टिममध्ये नोंद केलेली नाही. कंपनीचा प्रोग्राम परत टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम. वॉरंटी आहे तशी राहील, विषय इथेच संपला."

"नको."

"नको म्हणजे?"

"मराठीतच म्हटलं मी."

विक्रमची कानशिलं तापली. आपण पदरचं पुण्य द्यायला निघालो, तर बाई तोऱ्यात. "मॅडम, अशा ट्यूनिंगने इंजिन जळतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"जळू दे. इंजिन दुसरं मिळतं."

पुष्कर उभा राहिला. "आई, हा शुद्ध वेडेपणा आहे. गाडी मी चालवतो."

"आणि नावावर माझ्या आहे. कागद द्या हो, सही करते."

विक्रमने कागद छापून पुढे सरकवला. पद्मजाबाईंनी चष्मा बदलला, पेन काढलं आणि पेपर तपासावा तशी एकेक ओळ वाचली. दुसऱ्या ओळीवर पेन थांबलं.

"'सर्व वॉरंटी रद्द.' सर्व का? ट्यूनिंग इंजिनाचं झालंय, काचांचं नाही."

"आमचा फॉर्म तसाच असतो."

"मग फॉर्म चुकीचा आहे. इंजिन, टर्बो आणि गिअरबॉक्स सोडून बाकी सगळी चालू, असं लिहा. ब्रेक, एअरबॅग आणि सीटबेल्ट नावानिशी लिहा."

"त्याची गरज नसते, मॅडम."

"तुम्हाला नसेल. मी बसलेय, सावकाश छापा."

त्याने दुसरा कागद छापला. त्यात एअरबॅग राहिली होती, म्हणून तिसरा छापला. बाईंनी सही केली आणि शिक्का मारून मागितला. पुष्कर एवढा चिडला होता की किल्ली उचलून तडक गाडी आणायला निघून गेला. तनया काठी घेऊन हळूहळू त्याच्या मागे गेली. जाताना तिने सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला.

विक्रमने वॉरंटी रद्द केल्याची नोंद करायला घेतली. कारणाच्या रकान्यासाठी टेक्निशियनने पाठवलेला पूर्ण रिपोर्ट त्याने उघडला. वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"मॅडम," तो म्हणाला, "यात ताकद वाढवलेलीच नाहीये. निम्म्यावर आणलीय. आणि ताशी साठच्या पुढे ही गाडी जाणारच नाही, असं करून ठेवलंय."

पद्मजाबाईंनी उठून केबिनचं दार लावलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "मागच्या गाडीत तो एकशे चाळीसला होता. सून शेजारी बसली होती."