पत्ता या घरात नाही

श्रेयसने मुलुंडच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या कपाटात, घरच्यांसाठी मेल सर्व्हर बसवला होता. सगळ्यांचे पत्ते आडनावावर होते. बहिणीने, स्वरदाने, घरच्यांना न जुमानता प्रबुद्ध कांबळेशी लग्न केलं, तेव्हा त्याने तिचा पत्ता पुसला. तिने घरी मेल केला की तो आपोआप परत जाई. हॉस्पिटलमधून तिने पाठवलेले मेलही तसेच परत गेले. उत्तराची वाट बघत ती गेली.

रविवारी सकाळी श्रेयसने ऑफिसला पाठवलेला मेल परत आला.

कारण: पाठवणाऱ्याचा पत्ता या घरात नाही.

आईला पाठवलेला परत आला. स्वतःला पाठवलेलाही.

त्याने सर्व्हरची वायर उपटली. दिवा विझला.

मोबाइल वाजला. त्याने कानाला लावला; स्वरदाचा आवाज होता.

"वायर काय काढतोस, दादा? हाक मारून बघ ना."

"गार्गी!" तो बायकोवर ओरडला. गार्गी त्याच्या समोरच, आईशेजारी बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. त्याने तिचा खांदा गदागदा हलवला.

गार्गीने घसरलेली ओढणी सारखी केली.

"आई, कोणी हाक मारली का हो?"

"नाही गं," आई म्हणाली. "आपण दोघीच तर असतो घरात."