नवा पट्टा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी सव्वासहाला धरणगावजवळच्या एका केळीच्या बागेत ठिबकचा पहिला व्हॉल्व्ह उघडला. मग दुसरा, तिसरा. म्हाताऱ्या माणसाच्या चालीने पाणी एकेक ओळ पुढे सरकत गेलं. बागेत कोणी नव्हतं. फाटकाला आठवडाभर कुलूप होतं.

पेटी माणसांशिवाय काय करते ते पाहायला कुलूप लावायला मोहिनीने सांगितलं होतं. ती जळगावच्या एका कंपनीत इंजिनिअर. बागेतली ठिबक चालवणारी पेटी तिनेच बसवली होती. पेटीतली चिप मेंदूच्या धर्तीवर घडवलेली. तिला वेळापत्रक दिलेलं नव्हतं. बागेचे मालक तोतारामनाना ज्या ओळीत चालत, तिथल्या पावलांचे हादरे मातीतले सेन्सर टिपत, आणि त्या ओळीला पाणी सोडायचं हे ती आपली आपण शिकली. नाना पौषात वारले. पेटीची सवय सुटली नाही.

"हात तोडला तरी माणसाची बोटं खाजतात, नवलभाऊ," कुलूप काढून आत येताना मोहिनी म्हणाली. "तसंच आहे हे."

"मग पेटीची आठवण पुसून टाका," नानांचा मुलगा नवल म्हणाला. "हिला अजून हिवाळाच वाटतोय. तेवढंच पाणी सोडते. बाग करपायला लागली. आणि तिकडे आज गेलेल्यांच्या नावाने घागर भरायची, तर आई नानांची भरू देत नाही."

इंदिराबाई बांधावर उभ्या होत्या. सकाळी उंबरठ्यावर त्यांनी एकेका पितराचं नाव घेत कुंकवाची बोटं ओढली होती. नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

"तुना नाना रोज वावरमा येतस," त्या म्हणाल्या. "त्यास्नी घागर कसाले भरू?"

"आई, मशीन शे ते!"

"मंग मशीननी घागर भर तू." त्या मोहिनीकडे वळल्या. "पोरी, पुसं ते परत येई का?"

"नाही, अक्का. यात आठवण आणि काम एकाच जागी असतं. आठवण वेगळी काढून ठेवता येत नाही."

नवलने पुसा म्हणून मान हलवली. मोहिनीने लॅपटॉप जोडला, पुसण्याआधी सकाळच्या पाण्याचा आलेख उघडला आणि तिथेच थांबली.

"हा खालचा, केळीचा नवा पट्टा कधी लावला?"

"माघात. नाना गेल्यावर. का?"

"इथेही तीच चाल आहे. एक पाऊल जड, एक हलकं."

नाना उजव्या पायाने लंगडत.

"मजुरांची असेल," नवल म्हणाला.

"मागच्या आठवड्यापर्यंत इथे काहीच नव्हतं, आणि तेव्हापासून फाटकाला कुलूप आहे. ही जुनी सवय नाही, भाऊ. हे ती आत्ता शिकलीय."

"कोणाकडून?"

मोहिनीने लॅपटॉप मिटला.

दुपारी एकपर्यंत पेटी पुसलेली नव्हती. जुन्या बागेतली पानं माना टाकून होती. खालच्या पट्ट्यातली माती ओली होती. वैशाखातल्या उन्हाला पुरेल इतकी.