पत्र्यावरचा अँटेना

गोडाऊनच्या तापलेल्या पत्र्यावर, तो खचू नये म्हणून फक्त स्क्रूच्या रांगेवर पाय टाकत, भास्करने वॉकीटॉकीचा अँटेना तिसऱ्यांदा हलवून बसवला. पोटऱ्यांत गोळे आले होते. त्याने हातातल्या सेटचं बटण दाबलं. “केरबाकाका, आत आवाज येतोय का?”

“नाही साहेब, काहीच ऐकू येत नाही,” सेटवरून लगेच स्वच्छ उत्तर आलं.

पाना उचलता उचलता भास्कर थबकला. ऐकूच येत नाही, तर म्हातारा तिन्ही वेळा उत्तर कशाचं देतोय?

त्याने पुन्हा बटण दाबलं. “काका, गेटवरचे निरोप आजवर आत कोण आणायचं?”

 सेटवरून आवाज आला, “मीच की, साहेब. सव्वीस वर्षं.”

काम झालं होतं. तरी शिडीकडे भास्करचे पाय वळेनात.