एकमताचा खोकला

“कोणी विश्वास ठेवणार नाही, पण मिलमध्ये मी अन् हा बाबूराव शेजारी बसून कापड तपासायचो, आणि उभ्या जन्मात आमचं मत वेगळं पडलं नाही.” सिमरोलहून आलेल्या मित्राला हात धरून ओट्यावर बसवता बसवता अच्युतरावांनी ठोकून दिलं. मिल बंद पडल्यापासून ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही असा मल्हारगंजात कोणी उरला नव्हता.

नात संहिता स्टॅटिस्टिक्स शिकत होती. दोन परीक्षकांचं मत कितपत जुळतं, ते काढणारं सॉफ्टवेअर तिच्याकडे होतं. तिने दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. छापील कापडाचा एकेक तुकडा आधी आजोबांपुढे धरायचा, मग बाबूरावांपुढे. बोलायचं नाही, माल पास असेल तर नुसतं बोट वर करायचं.

कॉम्प्युटरने आकडा दिला पूर्ण एक. कुठेच मतभेद नाही.

“देख लो,” अच्युतराव मिशीत हसले.

“आजोबा, इतकं कोणाचंच जुळत नसतं,” संहिता म्हणाली. “डागी तुकडा आला की तुम्ही खोकत होतात. बाबूराव आजोबांना दिसतच नाहीये.”

अच्युतरावांचं हसू विझलं. बाबूराव मात्र मजेत होते.

“अरे बेटा, खोकू दे त्याला. हा खोकत राहिला, म्हणून मिल बंद होईपर्यंत माझी नोकरी टिकली. नाहीतर मला तेव्हाच घरी बसवलं असतं, आणि मी डॉक्टरला डोळे दाखवले असते. तेव्हा दाखवले असते तर डोळे वाचले असते म्हणे.”