खाटेवरची जागा

मुलांनो, असं समजा की तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि कितीतरी महिने कोल्हापुरातल्या एका इस्पितळाच्या खाटेवर आहात. अंगावर सूज आहे. जेवणात मीठ नाही. आई चंदगडकडच्या गावात धाकट्या बाळापाशी; अधूनमधून एसटीनं येते आणि दुपारच्या गाडीनं परत जाते. आज तुमच्या वॉर्डात परीक्षा आहे, पण ती तुमची नाही.

मल्लव्वा अशीच खाटेवर बसून दाराकडं बघत होती.

परीक्षा कालिंदीची होती, डॉक्टरकीची शेवटची. गडमुडशिंगीच्या वसंत मास्तरांची ही मुलगी. मागच्या खेपेला ती इथंच नापास झाली होती. आजार तिनं ओळखला होता, पण परीक्षकांनी आवाज चढवला आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा घरात ठरलं होतं: आणखी एकदा बसायचं. या वेळीही जमलं नाही, तर शिक्षण बंद आणि निपाणीच्या स्थळाला होकार. मास्तर आज बाहेर बाकावर छत्री गुडघ्यांत धरून बसले होते.

वॉर्डात शिकायला असताना कालिंदी रोज संध्याकाळी मल्लव्वाकडं यायची. मल्लव्वा भिंतीकडं सरकून जागा करायची, तिची कालिंदीआक्का तिथं बसायची आणि कळंब्याच्या तळ्यावरच्या एका आळशी बगळ्याची गोष्ट थोडी पुढं जायची. बगळ्यानं अजून एकही मासा धरला नव्हता.

कालिंदीच्या आधी दत्तप्रसाद नावाचा एक विद्यार्थी होता. तो मल्लव्वाला कागदाचे बेडूक करून द्यायचा. पास झाला, येतो म्हणाला आणि गेला. मल्लव्वा बरेच दिवस त्याच्याबद्दल विचारत होती. शेवटी वॉर्डातल्या मावशी झुंबरबाई तिची वेणी घालता घालता म्हणाल्या, “पास झालेलं पाखरू परत येतंय व्हय गं?” त्यानंतर मल्लव्वानं विचारलं नाही.

परीक्षेआधी विद्यार्थ्यांना वॉर्ड बंद होतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी बगळा पाण्यात एका पायावर उभा होता आणि मासा अगदी जवळ आला होता. कालिंदी तिथंच थांबली. उरलेलं परीक्षेनंतर सांगते, म्हणाली.

“पास झालीस की कुठं जाणार?” मल्लव्वानं विचारलं.

“आधी खेड्यातल्या दवाखान्यात. मग पुण्याला, लहान मुलांची डॉक्टर व्हायला.”

“आणि न्हाय झालीस तर?”

कालिंदी हसली. “मग काय, हितंच की. सहा महिने तुझं डोकं खात बसणार.”

निपाणीचं ती काही बोलली नाही.

उठताना मात्र तिनं एक वचन घेतलं. डॉक्टर रोज खाटेखाटेशी उभे राहून बोलत, ते मल्लव्वाला पाठ असे. कुणाला काय झालंय हे तिला विद्यार्थ्यांच्या आधी कळे. झुंबरबाई तिला अर्धी डॉक्टरीण म्हणत. म्हणून कालिंदी म्हणाली, “मला कुठलाही पेशंट मिळू दे, तू तोंड उघडायचं नाहीस. मला माझ्या हातांनी शोधायचंय.” मल्लव्वानं ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

परीक्षेच्या सकाळीच एक प्रकार घडला. एका विद्यार्थ्याला कुणीतरी आजाराचं नाव आधीच सांगितलं होतं. पुण्याहून आलेल्या परीक्षकांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी त्याला तिथल्या तिथं उठवलं. आता सहा महिन्यांनी या, एवढंच म्हणाले. तो रडत मल्लव्वाच्या खाटेजवळून गेला.

मग कालिंदी आली. तिला मिळालं ते शेजारच्या खाटेवरचं दोन वर्षांचं बाळ. तिनं मल्लव्वाकडं पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. मल्लव्वानं ओठांवर बोट ठेवलं.

बाळ किंचाळत होतं. कालिंदीनं छाती तपासायच्या नळीचं थंड टोक तळहातात धरून गरम केलं, मग त्याच्या छातीला लावलं. पोट पाहिलं, नखं पाहिली. शेवटी एक हात त्याच्या मनगटावर आणि दुसरा जांघेत ठेवून ती बराच वेळ नुसती उभी राहिली. मल्लव्वाचं बोट ओठांवरून हललं नाही.

परीक्षक आले. कालिंदीचा आवाज आधी कापला, मग ताळ्यावर आला. बाळाच्या हृदयाला छिद्र आहे, हे तिनं सांगितलं. ते सकाळपासून सगळ्यांनीच सांगितलं होतं.

“अजून एक आहे, सर. हाताची नाडी ठणठणीत लागते, पायाची जेमतेम. अंगभर रक्त नेणारी मोठी नळी छातीत, हातांकडचे फाटे फुटल्यावर पुढं अरुंद झालीय.”

परीक्षकांनी चष्मा काढला. “तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, सर.”

या वेळी आवाज कापला नाही. परीक्षक प्रथमच हसले आणि खिशातलं पेन काढलं.

“आज एकानंही बाळाच्या पायाला हात लावला नाही,” ते म्हणाले. “पुण्याला या. असे हात आम्हाला हवे आहेत.”

कालिंदीनं डोळे पुसले आणि खिडकीतून बाहेरच्या बाकाकडं पाहिलं.

मल्लव्वानं ओठांवरचं बोट काढलं. शाळेत करतात तसा हात वर केला.

“सर,” ती म्हणाली, “मी सांगितलं आक्काला. पायाची नाडी बघ म्हटलं.”

आणि आक्काला बसायला जागा करत ती भिंतीकडं सरकली.