टिकलीचा पाढा

मुलांनो, समजा, सगळा वर्ग एका सुरात पाढा म्हणतोय आणि तुम्हाला तो येत नाही. मग काय करता? नुसते ओठ हलवता. ज्या मुलीला सगळे टिकली म्हणायचे, तीही तेच करायची.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "सगळे गप्प! टिकले, तू एकटी म्हण."

घाबरून तिने नुसते ओठ हलवले. वर्गात खणखणीत आवाज घुमला, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." आवाज तिचाच होता, पण ती बोलत नव्हती.

"बाई, हिने पोपट गिळलाय!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

टिकलीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पाढा चालूच राहिला आणि पूर्ण झाल्यावरच थांबला.

"शाब्बास गं, शहाणे!" बाई म्हणाल्या, पण त्या दाराकडे बघत होत्या.

"बाई, मी घरी जाऊ? आई वाट बघतेय," दारातून टिकलीचाच आवाज आला.

"जा हो, बाळा." बाईंनी डोक्यावरून फिरवावा तसा हवेत हात फिरवला.

टिकलीने बाईंना हाक मारली, पण घशातून हूं की चूं निघालं नाही. मग दप्तर तिथेच टाकून, आईने त्या आवाजाला दार उघडण्याआधी घर गाठायचं म्हणून ती जिवाच्या आकांताने धावत सुटली.