‘ये’ म्हटल्याशिवाय

“येऊ का?” संघमित्रा भिंतीच्या टोकाला पोचली अन् खाली न बघताच तिनं आवाज दिला.

“ये गं बाई, ये!” हौसेरावनंही मान वर केली नाही. तो बादलीत हात घालून भिंतीवरचे, चढताना धरायचे प्लास्टिकचे होल्ड घासत बसला होता, खरकटी भांडी घासावी तसा. चढणाऱ्यांच्या हाताची पांढरी पावडर बसून बसून ते गुळगुळीत होतात.

हे रोजचंच. तुर्भ्याच्या एका जुन्या गाळ्यात ही चढायची भिंत बांधलीय, चार माळ्यांएवढी. दुपारचं तिथं साफसफाई करणाऱ्या हौसेरावशिवाय कुणी नसतं. संघमित्रा करंजाड्याहून नेमकी त्याच वेळेला यायची, एकटी. खाली दोर धरायला माणूस लागत नाही. वर मशीन बसवलंय. त्याचा पट्टा कमरेला अडकवायचा. चढाल तसा तो आपसूक वर ओढला जातो, अन् हात सोडले की मशीन अलगद खाली आणतं. तरी ही पोरगी टोकाला गेली की विचारणारच, येऊ का?

पहिल्यांदा हौसेराव हसला होता. “आगं, मशीनला काय इचारतीस? ते काय तुझा सासरा हाय व्हय?”

मग त्याला कळलं, तिचा दोर आधी तिचा भाऊ धरायचा. धम्मपाल. खालून तो ‘ये’ म्हणायचा, तेव्हाच ही हात सोडायची. तो तळोज्याच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला. हे कळल्यापासून हौसेराव हातातलं काम न सोडता आपला म्हणून टाकायचा, ये. पोरीला बरं वाटत असेल, एवढंच.

“येऊ का?” वरून परत आलं.

“आगं ये की! का आता पत्रिका छापू?”

मशीनची घरघर काही ऐकू आली नाही. हौसेरावचा हात थांबला. त्यानं वर बघितलं.

ती टोकाचा होल्ड दोन्ही हातांनी धरून होती. मान जराशी कलती. शेजारच्या खोलीत कुणी बोलतंय का ऐकावं तशी.

तिच्या कमरेला काहीच नव्हतं.

पट्टा इथं खाली होता, हौसेरावच्या पायापाशी, जमिनीतल्या कडीला अडकवलेला. तिथनं सरळ वर गेलेला, तिच्या अंगाशेजारून. विसरू नये म्हणून त्या पट्ट्याला एक तिकोनी फडकं असतं, चढायची वाटच अडवणारं. ते फाटलं म्हणून हौसेरावनंच सकाळी काढून ठेवलेलं. अन् चढायच्या टायमाला तिच्या आईचा फोन आला होता. हो आई, एकटीच आहे, मशीन आहे ना, टेन्शन नको घेऊ. बोलत बोलत फोन ठेवला अन् चढली.

“पोरी,” हौसेराव म्हणाला. “हात सोडू नगं. पट्टा खालीच ऱ्हायलाय.”

तिनं कमरेकडं बघितलं. ती भिंतीला गच्च चिकटली.

“काका, मला पायाखालचं दिसत नाहीय. तुम्ही सांगा.”

हौसेरावचा जन्म वाशीच्या मार्केटात गोणी वाहण्यात गेलेला. भिंत तो कधी चढला नव्हता.

“उजवा पाय. खाली घे. आनिक. तो पिवळा, बटाट्यावानी. घावला?”

“हो.”

“आता डावा. बाजूला. आगं बाजूला, तिकडं न्हाई! त्यो हिरवा, आल्याच्या गड्ड्यावानी हाय बघ.”

“निसटतोय काका.”

“न्हाई निसटत. आत्ताच धुतलाय मी त्यो.”

बटाटा, आलं, लसणीची पाकळी, करत करत ती उतरली. भिंतीखालच्या गादीवर पाय टेकले तशी खालीच बसली. बोटं सरळ होईनात तिची.

हौसेराव आधी ओरडला. “मेली असतीस की गं! डोळं काय घरी ठिवून येतीस?” मग तो पण तिच्या शेजारी बसला, ओल्या हातांनी. “मी मारली असती तुला. मी ये म्हटलं. न बघता दोनदा म्हटलं.”

“हो.”

“मग सोडलं का न्हाईस?”

ती बोटं चोळत राहिली. “तुम्ही म्हणालात, काका. दादा नाही म्हणाला.”

बादलीत एक होल्ड तरंगत होता, तेवढाच हौसेराव बघत राहिला.

जरा वेळानं ती उठली. हाताला पावडर लावली.

“आता कुठं?”

“आज नाही चढले, तर परत कधी चढायची नाही मी.”

हौसेरावनंच कडीतला पट्टा काढला, तिच्या कमरेला अडकवला, हिसका दिला, मग स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. ती हसली थोडी. चढायला लागली.

हौसेराव भिंतीखालीच उभा राहिला. मान वर. ती एकेक हात वर जात गेली, टोकाला पोचली अन् थांबली.

“येऊ का?”

शब्द त्याच्या जिभेवर आला होता. त्यानं ओठ घट्ट दाबून धरले. गाळ्यात पंख्याची कटकट तेवढी चालू होती.

ती कान देऊन थांबली. बराच वेळ. हौसेरावच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं.

मग तिचे खांदे सैल पडले.

“आले रे दादा,” ती म्हणाली, अन् तिनं हात सोडले.